जागं बी

आषाढ सरता सरता हुल्लेवाडीच्या माळावर चांगला पाऊस झाला. चांगला म्हणजे खरोखरच चांगला. ओढा तांबडा होऊन वाहिला, पाझर तलावाच्या तळाच्या भेगा मिटल्या, आणि ज्यांच्या घरात छत्री नावाची वस्तूच नव्हती त्यांनी डोक्यावर पोती घेऊन बिरोबाच्या देवळापर्यंत जाऊन नारळ फोडला. जतच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं हे गाव. गावाच्या नावातला 'हुल्ल' म्हणजे कानडीतलं हुल्लु, गवत. गवत आलं की इथल्या धनगरांची मेंढरं जगतात, आणि मेंढरं जगली की बाकीचं सगळं आपोआप चालतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मायाक्का माळावर गेली. पावसानंतरचा तिसरा दिवस हा गवताचा दिवस, हे गेली कित्येक वर्षं गावातल्या पोरासोरांनाही पाठ होतं. पहिल्या दिवशी माती फुगते, दुसऱ्या दिवशी नीट निरखून पाहिलं तर सुईच्या टोकाएवढं काहीतरी दिसतं, आणि तिसऱ्या दिवशी माळावर हिरवी साय धरते. मायाक्काने टेकाडावर उभं राहून पाहिलं. माळ तांबडाच होता. तिने खाली बसून नखाने माती उकरली. माती ओली होती, लोण्यासारखी मऊ होती, आणि तिच्यात काही नव्हतं.

आठ दिवस गेले. ऊन पडलं, पुन्हा एक सर येऊन गेली, पुन्हा ऊन पडलं. गवत माहेरी गेलंय, येईल सण करून, असं पारावर कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. पंधरा दिवसांनी तोच विनोद कुणी पुन्हा केला तेव्हा कुणी हसलं नाही. पाऊस पडला नाही तर देवाला बोल लावता येतो. पाऊस पडूनही माळ रिकामा राहिला तर बोल कुणाला लावायचा, हे हुल्लेवाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मायाक्काला मात्र ठाऊक होतं. माळावरचं बी तिच्या हातचं होतं.

मायाक्का लग्न होऊन आली ती घरात नाही, वाड्यावर. धनगरांचा वाडा म्हणजे मेंढरांबरोबर फिरणाऱ्या बिऱ्हाडांचा तळ. आज इथे, चार दिवसांनी पुढच्या गावच्या रानात. दिवाळी झाली की माळावरचं गवत संपायचं आणि सगळ्यांनी कृष्णाकाठची वाट धरायची. घोड्यावर संसार, घोड्यावरच कोंबड्या, आणि पोटुशी बाई मेंढरांच्या मागे चालत. तिची पहिली मुलगी अशीच वाटेवर झाली आणि थंडीच्या वाऱ्यात घोंगड्याखाली गेली. कुणा अनोळखी माणसाच्या बांधाला तिला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी वाडा पुढे हलला, कारण मेंढरांना तिथे खायला उरलं नव्हतं. पुढच्या वर्षी मायाक्काने तो बांध शोधला. मालकाने तो मोडून उसात घेतला होता. ती त्या उसाच्या कडेला उभी राहून रडली, आणि आपलं पुढचं मूल या वाटेने चालणार नाही असं तिने स्वतःला बजावलं. नवऱ्याला, बिराप्पाला, तिने हे सांगितलं तेव्हा तो मेंढरांकडे बघत राहिला. मेंढरांना काय घालायचं, एवढाच त्याचा प्रश्न असणार होता आणि त्याचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं.

उत्तर घेऊन आली ती डॉ. केतकी सबनीस. तेव्हा मायाक्काचा मुलगा अमसिद्ध पायात पैंजण घालून रांगत होता. लागोपाठच्या दुष्काळांत माळावरच्या जुन्या पवन्या आणि मारवेल गवताची ठोंबं मुळापासून मेली होती आणि माळ नुसत्या पडल्या बियांवर कसाबसा जगत होता. पुण्याकडच्या एका संशोधन केंद्रातून आलेली ही बाई पहिल्या दिवशी गावातल्या बायकांना म्हणाली की मी तुम्हाला नवीन काही शिकवायला आले नाही, मोड आणायला तुम्हाला येतातच. मला फक्त मोड यायच्या आधी थांबायचं आहे.

तिचं म्हणणं सोपं होतं. कोरडं बी म्हणजे श्वास जवळजवळ बंद करून बसलेला जीव. त्याला पाणी मिळालं की ते आधी फुगतं. मग बाहेरून काही दिसत नाही, पण आत सगळी धांदल उडते: साठवलेलं पिठूळ अन्न फोडायचं, बिघडलेलं दुरुस्त करायचं, मुळाची तयारी करायची. ही तयारी संपली की मूळ बाहेर पडतं, आणि एकदा मूळ बाहेर पडलं की माघार नाही. दुष्काळी माळावर गवत मरतं ते इथेच. पाऊस येतो, बी तयारीला लागतं, तयारी होईतो वरची माती वाळते, आणि कोवळं मूळ खालच्या ओलीपर्यंत पोचतच नाही. म्हणून केतकीबाई बी आधीच भिजवायची, तेही साध्या पाण्यात नव्हे. बियाला तहान लागल्यासारखं वाटावं अशा दाट, खारवट द्रावणात. आतली तयारी पुरी झाली की मूळ फुटण्याच्या अगदी आधी बी बाहेर काढून सावलीत वाळवायचं. मग ते बी कोरडं दिसायचं, पण आतून कंबर कसून बसलेलं असायचं. माळावर पडल्यावर पहिल्या सरीला उठायचं आणि माती वाळायच्या आत मूळ खोल घालायचं.

गावाने या बियाला जागं बी म्हटलं. ज्या पत्र्याच्या शेडमध्ये हे काम चाले ते भिजघर झालं. मायाक्काचा हात त्यात असा बसला की चार वर्षांत केतकीबाई भिजघराची किल्ली तिच्या कमरेला लावून पुण्याला निघून गेली.

भिजघरात एक यंत्र होतं. ताटलीत एकेका खळग्यात एकेक बी ठेवायचं, वरून बारीक किरण फिरायचा आणि प्रत्येक बियाचा श्वास मोजायचा. जे बी श्वास घेत नसेल त्याला यंत्र एका फुंकरीने ताटलीबाहेर उडवायचं. बायकांनी त्याचं नाव फुंकणी ठेवलं. यंत्र हुशार होतं, पण हुशार माणसासारखंच त्यालाही सुरुवातीला शिकवावं लागलं होतं. सलग तीन दिवस मायाक्का ताटलीजवळ बसून एकेक बी दाखवत होती आणि केतकीबाई ते यंत्राला सांगत होती. हे जोमाचं. हे मोडकं. हे पोचट, म्हणजे नुसतं टरफल, आत गर नाही. मग काही बिया अशा आल्या की भरल्या होत्या, टणक होत्या, पण तिसऱ्या दिवशीही ढिम्म. मायाक्का म्हणाली, हे गणंग. मटकी भिजत घातली की त्यात चार दाणे खड्यासारखे राहतात, ना फुगत ना शिजत, दाताखाली आले की दात पडायचा, ते गणंग. केतकीबाईने हा शब्द ऐकला नव्हता. गणंग म्हणजे नक्की काय, असं तिने विचारलं. मायाक्काला वाटलं, एवढ्या शिकलेल्या बाईला आता मटकीचं कुठे समजावत बसायचं.

"तेच की ओ, पोचटच म्हना," ती म्हणाली. "कामाचं न्हाई ते."

फुंकणीने ते तसंच घेतलं. त्या दिवसापासून भरलेलं पण निजलेलं प्रत्येक बी पोचट म्हणून बाहेर उडालं आणि भिजघरामागच्या कोंबड्यांनी ते टिपून खाल्लं.

त्यानंतरची वर्षं मायाक्काच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. माळ असा भरला की दिवाळीनंतरही गवत उरायला लागलं. वाटेला लागणारी बिऱ्हाडं एकेक करत थांबली. बिराप्पाने दोन खोल्या बांधल्या आणि पहिली काही वर्षं तो घराबाहेर अंगणातच झोपला, छताखाली त्याला गुदमरायचं. अमसिद्ध शाळेत गेला, गणितात नापास झाला, पुन्हा बसला, पास झाला. त्याचं लग्न झालं, प्रणाली सून होऊन आली ती वाड्यावर नाही, घरात आली. मायाक्काने तिच्यासाठी मोरीला दार लावून घेतलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दार उघडून दाखवायची. लोक थट्टा करायचे, पण तिने मनावर घेतलं नाही.

याच वर्षांत केतकीबाईच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. भिजवून वाढवलेल्या गवताचं जे बी माळावर पडत होतं, ते न भिजवताच जागं निघत होतं. तहान सोसलेल्या गवताच्या गुणसूत्रांवर त्या तहानेच्या बारीक खुणा उमटतात, आणि अशा खुणा काही वेळा पुढच्या पिढीकडे जातात. आईने सोसलेलं लेकराच्या अंगात उतरावं तसं. दरवर्षी फुंकणीतून निवडलेलं, तेच माळावर पेरलेलं, त्याचंच बी पुन्हा गोळा केलेलं. असं करता करता सगळा माळच जागा झाला. पेरायची गरज उरली नाही. केतकीबाईचं परदेशांत नाव झालं, लांबलांबची माणसं येऊन माळ बघून जाऊ लागली आणि मायाक्काला त्यांच्यासाठी चहा करून करून कंटाळा आला.

मग हे वर्ष उजाडलं. चैत्रात एक जबरदस्त वळीव पडला. गारा, वारा, आणि तासभर धो धो पाणी. तिसऱ्या दिवशी माळ हिरवागार झाला, चैत्रात. प्रणालीला मुलगी झाली होती, बनू, तिला त्या हिरव्या माळावर बसवून अमसिद्धने फोटो काढले. नंतर पाऊस पुरता थांबला आणि ऊन असं तापलं की दुपारी पत्र्याला हात लावता येईना. वीतभर वाढलेलं गवत फुलोऱ्यावर यायच्या आतच मुळासकट करपून गेलं. त्याचं कुणाला फार वाटलं नाही. एखाद्या पिकाला दणका बसायचाच, पाऊस आला की पुन्हा येईल गवत. तो पाऊस आषाढात आला, आणि पुढे काय झालं ते वर सांगितलंच आहे.

केतकीबाई आली. तिचे केस आता सगळे पांढरे झाले होते. तिने माळावर ठिकठिकाणी माती काढली, चाळणीखाली धुतली, चष्मा कपाळावर सरकवून गाळात बोटं फिरवली. संध्याकाळी ती भिजघराच्या पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली की मातीत बी नाही. एकही नाही. मायाक्का तिच्या शेजारी बसली.

रानातलं गवत आपलं सगळं बी एका पावसावर लावत नाही, केतकीबाई सांगू लागली. काही बिया पहिल्या सरीला उठतात. काही तशाच निजून राहतात, कितीही पाणी पडो. एक वर्ष, दोन वर्षं, कधी जास्त. पहिला पाऊस फसवा निघाला आणि उठलेले सगळे मेले, तर पुढच्या वेळेला हे निजलेले असतात. माळ तगतो तो त्यांच्या जोरावर. चैत्रातल्या वळवाला आपल्या माळावरचं एकूण एक बी उठलं आणि मेलं. मागे कुणी राहिलंच नाही. मला एवढंच कळत नाही, ती म्हणाली, की निजणारी जात इतक्या लवकर पार संपली कशी. मी चाळणी लावली होती ती फक्त पोचट बियांना.

मायाक्काला पहिल्यांदा काही समजलं नाही. मग समजलं. तिने पायरीला घट्ट धरलं. गणंग, ती म्हणाली. मटकीतले गणंग. मी तुम्हाला सांगत होते ते. केतकीबाईला तो शब्द आठवायला बराच वेळ लागला. आठवल्यावर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"चूक माझी आहे, मायाक्का," ती म्हणाली. "मी नीट विचारायला हवं होतं."

"तुमी इचारलं व्हतं," मायाक्का म्हणाली. "म्या सांगितलं न्हाई."

गावाला दुसऱ्या दिवशी सगळं कळलं. काहींनी तिला तोंडावर बोल लावला, काहींनी नुसतं बोलणं टाकलं. बिराप्पा अंगणात घोंगडं टाकून बसला आणि मेंढरांच्या खुरांना तेल लावायला लागला. ते तेल लांबच्या वाटेला लागण्याआधी लावतात. मायाक्काने ते पाहिलं आणि आत जाऊन चुलीपुढे बसली.

बिरोबाच्या देवळात बैठक बसली तेव्हा मात्र गावाला एक वाट दिसत होती. भिजघराच्या गार खोलीत जागं बी होतं, एकदा माळ भरेल एवढं. माती अजून ओली होती. आज पेरलं तर तीन दिवसांत गवत, आणि कुणालाही घर सोडावं लागणार नव्हतं. केतकीबाईने लपवाछपवी केली नाही. पेरलं तर उगवेल, ती म्हणाली, आणि पुढच्या फसव्या वळवाला पुन्हा असंच मरेल, तेव्हा गार खोलीही रिकामी असेल. दुसरी वाट म्हणजे हद्दीपलीकडे बिरोबाचा जो डोंगर आहे तिथलं बी आणायचं. त्या डोंगरावर देवाचं रान म्हणून कुणी कधी विळा लावला नाही, मेंढरू घातलं नाही. तिथे जुनं पवन्या आहे, निजणारं आणि उठणारं दोन्ही. ते पेरायचं आणि माळ बंद ठेवायचा. चार वर्षं, कदाचित पाच. एकही मेंढरू आत नाही. दोन्ही बिया एकत्र पेरता येणार नाहीत, जागं गवत आधी उठून निजणाऱ्याची जागा खाऊन टाकेल.

किल्ली मायाक्काच्या कमरेला होती, म्हणून सगळे तिच्याकडे बघत होते. अमसिद्ध उठून तिच्याजवळ आला. सगळ्यांसमोर त्याने आवाज चढवला नाही. पेर आई, तो म्हणाला, बनू अजून उभी बी ऱ्हात न्हाई, तिला घेऊन कुठं जायाचं. या वर्षाचं भागव, पुढचं पुढं बघू.

ती त्या रात्रीपुरती मुदत मागून घरी आली. खरं तर ठरवायचं काही उरलं नव्हतं. पेरलं तर बनू या वर्षी घरात राहील आणि मग कधीतरी, दोन वर्षांनी नाहीतर पाच वर्षांनी, सगळ्यांनाच माळ कायमचा सोडून जावं लागेल, कारण परत यायला काहीच नसेल. हे तिला स्वच्छ दिसत होतं. तरीही सकाळपर्यंत ती पाळण्याजवळ बसून होती, आणि एकदा तर किल्ली हातात घेऊन दारापर्यंत गेलीसुद्धा. आपण सोडून हा निर्णय दुसऱ्या कुणी घेतला असता तर किती बरं झालं असतं असं तिला वाटलं.

उजाडल्यावर तिने भिजघर उघडलं, गार खोलीतलं सगळं बी बाहेर काढलं आणि गिरणीत नेऊन भरडून आणलं. वाटेवर मेंढरांना चारायला म्हणून त्याची पोती शिवून अंगणात रचली. अमसिद्ध बाहेर आला, पोती बघितली, एकाची शिवण उसवून भरडा मुठीत घेतला. त्याला सगळं कळलं. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुझी एक पोर वाटंवर गेली," तो म्हणाला. "आता माझी धाडतीस."

मायाक्का उसवलेलं पोतं पुन्हा शिवायला बसली. प्रणालीने मध्ये पडून त्याला आत नेलं.

चार दिवसांनी वाडा हलला. अमसिद्ध कधी या वाटेने चालला नव्हता, म्हणून वाट दाखवायला बिराप्पा गेला, गुडघे दुखत असताना गेला. प्रणालीने घोड्यावर बसून बनूला पदरात बांधलं होतं. आत्ती, काळजी नका करू, असं ती म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली. मायाक्का मागे राहिली. माळ राखायला कुणीतरी हवं होतं. आणि ज्या गावातली निम्मी माणसं 'तुझ्यामुळे घरं बंद झाली' म्हणत होती, तिथे ही राखण करायला दुसरं कोण उभं राहणार होतं. अमसिद्धने निघताना तिच्या पायाला हात लावला, पण वर पाहिलं नाही.

पुढच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. तिने आणि केतकीबाईने बिरोबाच्या डोंगरावरून बी आणलं, हाताने झाडून, देवाची परवानगी मागून. ते न भिजवता माळावर फेकलं. पहिल्या वर्षी इथे एक काडी, तिथे एक काडी. दुसऱ्या वर्षी त्याहून थोडं बरं. शेजारच्या गावची गुरं घुसायची, ती काठी घेऊन धावायची, शिव्या द्यायची, शिव्या खायची. संध्याकाळी फोन लावायची. बिराप्पा दोन शब्द बोलायचा, प्रणाली बनूला बोलायला लावायची. बनू जगली. चालायला लागली, बोलायला लागली, आणि मायाक्काला ती फोनमधली आजी म्हणायची. अमसिद्ध कधी फोनवर आला नाही.

दुसऱ्या थंडीत बिराप्पा कृष्णाकाठी तापाने गेला. मायाक्का जीप करून पोचली तोवर सगळं उरकलं होतं. नदीकाठच्या राखेपुढे ती बसली आणि अमसिद्ध थोडा लांब, पाठ करून बसला. त्याच्या डोक्यावरचे केस काढलेले होते आणि मागून तो अगदी त्याच्या बापासारखा दिसत होता. तिला उठून त्याच्याजवळ जायचं होतं. तिचं धाडस झालं नाही. संध्याकाळच्या जीपने ती परत आली, कारण माळ उघडा पडला होता.

चौथ्या पावसाळ्यात गवत आलं. एकदम नाही. काही पहिल्या सरीला आलं, काही महिन्याने, काही तर लोकांनी आशा सोडल्यावर श्रावणात वर आलं. मध्ये एक लांब उघडीप पडली, पहिलं उठलेलं गवत पिवळं पडून गेलं, आणि पुढच्या पावसाला त्याच्याच बुडाशी दुसरं उठलं. माळ ठिगळाठिगळांचा दिसत होता, पण भरला होता. केतकीबाईने येऊन माती धुतली, गाळातलं निजलेलं बी तळहातावर घेऊन मायाक्काला दाखवलं, आणि दोघी म्हाताऱ्या त्या माळावर बसून वेड्यासारख्या हसल्या आणि मग रडल्या. या दिवाळीनंतर मेंढरं आत घालायला हरकत नाही, असं केतकीबाई म्हणाली.

मायाक्काने घर सारवलं. मोरीच्या दाराला रंग दिला. ही बातमी प्रणालीला नाही, अमसिद्धलाच सांगायची असं तिने ठरवलं होतं; तो फोनवर आला नाही तर येईपर्यंत वाट बघायची. भाद्रपदातल्या एका सकाळी ती माळावर गेली, गवतात मध्यभागी बसली. पवन्या तिच्या खांद्याला लागत होतं. ती फोन काढणार इतक्यात तोच वाजला, आणि पलीकडे अमसिद्ध होता.

त्याचा आवाज ती कितीतरी वर्षांनी ऐकत होती. सुरुवातीला तो तब्येतीचं विचारत राहिला. बनूला साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत घातल्याचं त्याने सांगितलं. मग म्हणाला की त्याच कारखान्यात त्याला काम लागलंय, राहायला खोली मिळाली आहे.

"मेंढरं इकली, आई," तो म्हणाला. "झालं दोन म्हैनं. तुला सांगायला तोंड न्हवतं. आबा गेल्यापास्नं मला वाट सापडंना. लई मेली, ऱ्हायलेली इकली."

वाऱ्याने गवत एका बाजूला कललं आणि पुन्हा उभं राहिलं. मायाक्काने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई," तो म्हणाला. "गवत आलं का गं?"

त्याला काय ऐकायचं होतं ते तिला कळलं. गवत आलं असेल तर त्याने आजोबा-पणजोबांपासूनचा कळप दोन महिने कळ काढली नाही म्हणून घालवला होता, आणि हे त्याला जन्मभर पुरलं असतं. ते कसं पुरतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"न्हाई रं," ती म्हणाली. "कुठलं गवत. चार काड्या हायत. तू इकली ते बरं केलंस."

पलीकडे तिचा मुलगा रडायला लागला, मोकळा, लहानपणी गणितात नापास झाला तेव्हा रडला होता तसा. आणि रडून झाल्यावर तो बोलायला लागला. आबा शेवटी काय म्हणाले ते, वाटेवर कुणी हाकललं ते, बनूला ताप आला तेव्हा प्रणाली आणि तो रात्रभर कसे चालले ते. इतक्या वर्षांचं साठलेलं तो तिला सांगत राहिला आणि ती ऐकत राहिली. शेवटी तो म्हणाला की दिवाळीला सुट्टी आहे, बनूला घेऊन येतो, तिला घर दाखवतो.

मायाक्काने समोर पाहिलं. गवत तिच्यापासून थेट बिरोबाच्या देवळापर्यंत पसरलं होतं. गावातलं कुणी सांगेल तेव्हा सांगेल, तिने मनाशी म्हटलं, पण निदान त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघायला नको.

"तू नको येऊस," ती म्हणाली. "हितं काय हाय बघायला. मीच येते तिकडं."